नामाकाका आणि तीन लाल फुल्या

नामाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऐरोलीच्या ऑफिसात एका औषधाच्या खोक्यावरची अक्षरं इकडची तिकडे सरकवत बसले होते. "दुपारी जेवून पडले, उठलेच नाय," त्यांचा मुलगा म्हणाला. त्रास झाला नाही हे ऐकून बरं वाटलं. पहिला विचार काकांचा नव्हता, माझाच होता, हे आज कबूल करते. त्यांना एक गोष्ट विचारायची होती, ती आता कायमची राहिली...

काका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील नोकरीला लागून सीवूड्सच्या सोसायटीत राहायला गेले, काका करावे गावातच राहिले. बोटींवर नावं रंगवणं हे त्यांचं काम. खडूची पूड लावलेला दोरा ताणायचा, फटकन सोडायचा, की फळीवर सरळ रेघ. मग एक अक्षर काढायचं, ब्रश डब्यात टाकायचा आणि स्वारी निघाली धक्क्याच्या टोकाला! तिथून डोळे बारीक करून बघायचं, परत यायचं, कुठे जराशी जाडी वाढवायची, पुन्हा चालू लागायचं. बोटमालक वैतागायचे. लहानपणी मलाही वाटायचं, काका कामचुकार आहेत, बिडी ओढायला जातात. पण मी ग्राफिक डिझाइनला जाते म्हटल्यावर घरात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, तेव्हा काकाच वडिलांना म्हणाले, "जाऊ दे ना पोरीला. हात हाय तिचा."

कॉलेजात 'व्हिज्युअल कम्युनिकेशन' हा शब्द मी दिवसातून दहादा उच्चारत असे. जे दिसतं ते बघणाऱ्याला कळलंही पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. पण तो नवा नवा शिकल्यामुळे मला जगातली एकही पाटी धड दिसेना. दुकानं, रिक्षा, लग्नपत्रिका, सगळ्यांना नावं ठेवत मी फिरायचे. अशात वर्गात काम मिळालं: आपल्या भागातली एक फसलेली पाटी निवडा आणि ती का फसली ते मांडा. मी काकांनी रंगवलेली 'हिराबाई' ही बोट निवडली. धक्क्याला बांधलेली असताना हातभर अंतरावरून तिच्या नावाचा फोटो काढला, मोठा छापून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि त्यावर तीन लाल फुल्या मारल्या. अक्षरं बेढब जाड. निळ्यावर पिवळा, भडक. अक्षरांमागची लाल सावली, निरुपयोगी. सरांनी वाहवा केली आणि पुठ्ठा वार्षिक प्रदर्शनात लागला. आणि मी शहाणीने प्रदर्शनाला घरच्या सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं.

काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. त्या पुठ्ठ्यासमोर खूप वेळ उभे राहिले. मी खांबाआड. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "फोटो चांगला आयलाय गो." वडापाव खाल्ला आणि गेले. पुढची नऊ वर्षं मी गणपतीत, होळीला त्यांच्या घरी जात राहिले, पाया पडत राहिले, पण 'काका, वाईट वाटलं का?' एवढं विचारायची हिंमत झाली नाही. ज्याने माझी बाजू घेतली त्यालाच मी चारचौघांत नापास केलं होतं.

तेराव्यानंतर काकीने पलंगाखालून तो पुठ्ठा ओढून काढला. म्हणाली,

"दुसऱ्या दिशी परत कालेजात गेलते, शिपायाकडून मागून आनला. आलागेला मानूस त्याला दाखवायचे, आमच्या पोरीनं माझी बोट कालेजात लावली म्हनून. तू आलीस का पलंगाखाली सारायचे. म्हनायचे, तिला बघून वाईट वाटंल."

मी त्यांच्यापासून लपत होते आणि ते मला जपत होते! पुठ्ठा उजेडात धरला. सावलीच्या फुलीशेजारी काकांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. उरलेल्या दोन फुल्यांसमोर त्यांच्या सुबक अक्षरात एकच सूचना, दोनदा: 'लांबून बघ.' मला हसू फुटलं आणि मग रडूही आलं. नऊ वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस काय करणार...

संध्याकाळी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. भरतीबरोबर बोटी परतत होत्या. बहुतेकींवर नुसते रंगाचे डाग दिसत होते. एकीचं नाव मात्र खाडीच्या मध्यावर असतानाच वाचता आलं. जाड अक्षरं, निळ्यावर पिवळी. हिराबाई. मागची लाल सावली काकांनी केव्हाच काढून टाकली होती. नऊ वर्षांत इतक्या वेळा या गावात आले, पण मान वर करून ती बोट कधी पाहिलीच नव्हती.

तो पुठ्ठा आता ऑफिसात माझ्या टेबलामागच्या भिंतीवर आहे, फुल्यांसकट. नवीन मुलं शिकायला येतात आणि पेन्सिलीत काय लिहिलंय ते वाचायला नाक लावून उभी राहतात. मी त्यांचा दंड धरते आणि त्यांना दारापर्यंत मागे नेते.