चारची पट्टी, पाचची पट्टी

आमच्या दुकानात संध्याकाळी झाडू मारला की रंगीत फितींचे तुकडे निघतात. लाल, हिरवे, भगवे, निळे. रोज काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. दुकानातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. फक्त ते झाडून टाकता येत नाहीत, म्हणून सांगतो.

दुकान अमरावतीत आहे. रहीमचाचांचं. वर्दी शिवतात, टोप्या, बिल्ले, बूट विकतात. दहावीत नापास झाल्यावर मी इथं लागलो. माझं काम मेडल बसवायचं. पितळेची पट्टी कापायची, तिच्यावर फिती गुंडाळायच्या, खाली मेडल लटकवायची. चार मेडल असतील तर चारची पट्टी, सात असतील तर सातची. असली मेडल फौजी लोक ट्रंकेत ठेवतात आणि कार्यक्रमाला दुकानातून घेतलेलं नकली लावतात. गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की मला घाम फुटतो. पण मान खाली घालून सुई चालवताना सगळं ऐकू येतं.

दुकानात दोन माणसं कायमची. एक दादाराव, नांदगाव खंडेश्वरकडचे, आमच्याच गावचे. सत्तरी ओलांडलेले, पायदळातले, मेडल तीन. दुसरे वानखडे साहेब, मूळचे अकोल्याचे. फौजेत हेडक्लार्क होते, सुभेदार म्हणून रिटायर झाले. मेडल नऊ. दोघं रोज सकाळी येतात, एकाच बाकड्यावर बसतात आणि चहा संपेपर्यंत भांडतात.

पण गेल्या वर्षी मला या किश्श्यांचं हसू येत नव्हतं. माझा मोठा भाऊ संदीप फौजेत आहे. डोंगरात त्यांची गाडी रस्त्यावरून घसरून बर्फाच्या पाण्यात पडली. दादा दोर बांधून खाली उतरला आणि त्यानं दोघांना ओढून वर आणलं. त्याच्या साहेबांनी सेना मेडलसाठी त्याचं नाव वर पाठवलं. हे आईला कळलं तेव्हापासून ती मला रोज गावाहून फोन करायची. बोलायची एकच गोष्ट. "आलं का रे?"

*

एकदा एक जवान सुट्टीवर आला होता. कोवळा पोरगा, दहा वर्षंही नोकरी झाली नसेल. त्याला सातची पट्टी हवी होती. दादाराव चष्मा पुसून ती सात मेडल पाहत राहिले.

"बाप्पा! कोनती लढाई होती?"

पोरगा लाजला. म्हणाला, "लढाई नाही काका. हे उंच जागेवर होतो म्हणून, हे नऊ वर्षं झाली म्हणून, आणि हे स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा ड्युटीवर होतो म्हणून."

दादारावांनी आपल्या मांडीवर हात फिरवला. तिथं गोळीची खूण आहे.

"मीबी ड्युटीवरच होतो," ते म्हणाले.

*

वानखडे साहेबांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, मेडल मिळतं ते इंग्रजीला. जवान काय करायचं ते करतो, पण वर जातो तो कागद, आणि कागद क्लार्क लिहितो. त्यांच्या पलटणीत शिफारसी तेच लिहायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, 'स्वतःच्या जिवाची जराही पर्वा न करता.' ते प्रत्येक कागदात असायचं. गोळीबारात गेलेल्याच्या कागदात होतं आणि पुरात स्वयंपाकघर वाचवणाऱ्या कुकच्याही.

एकदा त्यांच्या मोठ्या साहेबांनी सगळे कागद एकत्र वाचले आणि त्यांना बोलावून घेतलं. म्हणाले, "वानखडे, माझ्या पलटणीत कुणालाच जिवाची पर्वा नाही. मग रात्री पहाऱ्यावर कोण असतं?"

सगळे हसले. मी मनात विचार करत होतो, दादाचा कागद कुणी लिहिला असेल?

*

याच्याहून वाईट गोष्ट वानखडे साहेबांनी दुसऱ्या दिवशी सांगितली. नाव खालून निघतं आणि एकेक टेबल चढत वर जातं. प्रत्येक टेबलावर कुणीतरी म्हणतं, एवढं कशाला, थोडं कमी करा. म्हणून हुशार अधिकारी मुळातच एक पायरी वरचं मेडल मागतात. कापून कापून हवं तेवढं उरतं.

"इतवारा बाजारातल्या भाजीवालीसारखं," दादाराव म्हणाले.

"तसंच. आणि जो साहेब सरळ असतो, जेवढं योग्य तेवढंच मागतो, त्याच्या माणसाला शेवटी शाबासकीचं कार्ड मिळतं."

मी कधी नाही ते दुपारीच दादाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोललो. मग विचारलं, तुमचे साहेब माणूस म्हणून कसे आहेत?

"एकदम सरळ," दादा म्हणाला. "काहून?"

काही नाही, म्हणून मी फोन ठेवला. कुणी सरळ आहे हे ऐकून वाईट वाटायची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

*

सेना मेडल दोन कारणांनी मिळतं. एक शौर्यासाठी, एक चांगल्या कामासाठी. मेडल तेच, फीत तीच. त्या महिन्यात आमच्याकडे दोन सेना मेडल एकाच दिवशी फीत बदलायला आली. एक अकोल्याच्या रिटायर हवालदारांचं, त्यांनी समोरून गोळ्या झेलल्या होत्या. दुसरं एका साहेबांचं, त्यांनी ट्रेनिंग सेंटर उत्तम चालवलं होतं. रहीमचाचांनी दोन्ही सारख्या डब्यांत घातली आणि देताना चुकून डबे बदलले.

आठवड्यानं हवालदार परत आले. मी आत कपाटामागे उभा राहिलो. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते शांतपणे स्टुलावर बसले. म्हणाले, "कार्यक्रम झाला, हार घातले, भाषनं झाली. कोनाले काई समजलं नाई. मलेबी घरी जाऊन मेडलच्या कडेवर कोरलेलं नाव वाचलं तवा समजलं, आन तेबी चष्मा लावल्यावर."

चाचा मेडल बदलायला ट्रेनिंग सेंटरवाल्या साहेबांच्या घरी गेले. साहेबांनी डबा अजून उघडलाच नव्हता!

त्या दिवसापासून चाचांनी नियम केला. शौर्याचं मेडल, असली असो की नकली, कागद पाहिल्याशिवाय हातात द्यायचं नाही.

*

मग गावात फ्लेक्स लागला.

आईनं दादाचं नाव वर गेल्याचं शेजारणीला सांगितलं होतं. 'नाव गेलं' हे सरपंचांपर्यंत पोहोचेस्तोवर 'मेडल भेटलं' झालं. सरपंच वाट पाहणारा माणूस नाही. बसस्टँडवर भला मोठा फ्लेक्स, 'शौर्यपदक विजेते संदीप यांचे हार्दिक अभिनंदन.' सरपंचांचा फोटो दादापेक्षा मोठा. फ्लेक्सवाल्याकडे दादाचा वर्दीतला फोटो नव्हता. त्यानं दादाचं तोंड कुठल्यातरी मोठ्या अधिकाऱ्याच्या धडावर बसवलं. छातीवर मेडलच्या तीन रांगा आणि हातात छडी.

दादाराव गावाहून येताना तो पाहून आले. बाकड्यावर बसत म्हणाले, "गजू, तुवा भाऊ सुट्टीवर येऊन राहिला का? त्याले सांग, आता मलेच सॅल्यूट मारा लागते."

मी आईला फोन केला. तो फ्लेक्स काढायला सांग, अजून काही आलेलं नाही. आई म्हणाली, लागलेला फ्लेक्स काढला तर लोक काय म्हणतील? त्याच संध्याकाळी दादाचाही तिला फोन आला. गावात काही लावलं तर नाही ना, असं त्यानं विचारलं. नाही, म्हणाली.

*

पुढच्याच आठवड्यात मी जेवायला गेलो असताना आई दुकानात आली. हे मला चाचांनी नंतर सांगितलं. नांदगावहून एकटीच बसनं आली, स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "भाऊ, शौर्याचं एक मेडल द्या. संदीप आला की त्याच्या कोटाले लावतो."

चाचांनी कागद मागितला. आईनं मोबाइल काढून फ्लेक्सचा फोटो दाखवला.

"भाबी," चाचा म्हणाले, "माह्या पुतन्याचाबी फ्लेक्स लागला होता, भावी नगरसेवक म्हनून. पोट्टा अजून मतदार झाला नाई."

आई हसली नाही. मी परत आलो तेव्हा तिच्यासमोर चहा तसाच होता, वर साय धरलेली. मला वाटलं, माझ्यावर चिडेल. इतके डबे भरून मेडल तुझ्या हाताखाली आणि भावाला एक देत नाहीस, असं म्हणेल. ती पिशवी घेऊन उठली. मी तिला बसपर्यंत सोडायला गेलो. पायरीवर पाय ठेवून ती मागे वळली.

"मेडल नाई तर नाई. पट्टीवर जागा तरी ठेव."

दादाची मेडल चार. मी पाचची पट्टी कापली. शौर्याचं मेडल सगळ्यात आधी लागतं, म्हणून पहिली जागा, छातीच्या मधल्या बाजूची, मोकळी ठेवली आणि बाकीची चार सरकू नयेत म्हणून मागून टाके घातले. चाचांनी पट्टी हातात घेतली, उलटी करून टाके पाहिले आणि चहा सांगितला.

*

कार्ड आलं. शाबासकीचं कार्ड. ते लटकवता येत नाही, फ्रेम करता येतं.

दादानं फोनवर हे असं सांगितलं जसं कुणी बस चुकल्याचं सांगतं. त्याच्याच पलटणीतल्या दुसऱ्याला सेना मेडल मिळालं होतं. त्यानं काय केलं होतं, मी विचारलं. दादा म्हणाला, "त्यानंबी केलंच न. मी एकटाच होतो का तिथं?"

दुकानात मी सांगितलं तेव्हा वानखडे साहेबांनी कप खाली ठेवला. "कागद माझ्याकडे यायला पाहिजे होता," ते म्हणाले. दादारावही त्या दिवशी त्यांच्याशी भांडले नाहीत.

*

दादाच्या सुट्टीत सरपंचांचा सत्काराचा मांडव ठरलेला होता, तो काही हलला नाही. फ्लेक्सवर 'शौर्यपदक विजेते'च्या जागी पांढरी पट्टी चिकटवून 'वीर जवान' लिहिलं. छातीवरच्या तीन रांगा तशाच राहिल्या.

स्टेजवर बोलावलेल्या फौजींच्या खुर्च्या मेडल मोजून लावल्या होत्या. ज्याला जास्त तो मध्ये. त्यामुळे वानखडे साहेब सरपंचांच्या शेजारी, दादा बाजूला, दादाराव अगदी टोकाला. मी त्यांना पाणी द्यायला गेलो तर म्हणाले, "बरं हाय. इथून जेवन जवळ हाय."

आई पहिल्या रांगेत बसली होती. तिचं भाषणाकडे लक्ष नव्हतं. ती दादाच्या कोटाकडे पाहत होती. चार मेडल आणि त्यांच्या आधीची ती मोकळी पितळ, उन्हात चकाकणारी. मला वाटत होतं सगळं गाव तेवढंच पाहतंय.

सरपंच बोलत असताना मांडवाच्या मागून एक माणूस आला. साधा शर्ट, किंचित लंगडत. सोबत बायको, तिच्या कडेवर लहान बाळ. धारणीकडून पहाटे निघाले होते, तीन गाड्या बदलून आले. दादा त्याला पाहून खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. तो कासदेकर होता, त्या गाडीचा ड्रायव्हर. पाण्यातून काढलेल्या दोघांतला एक. मेडल लावून आला नव्हता म्हणून कुणी त्याला वर बोलावलं नाही. तो शेवटच्या सतरंजीवर बसला.

दादाची नजर कुठं गेली ते आईनं पाहिलं, उठली आणि पाठीमागे गेली. मीही गेलो, तिला कुणी काही बोलेल म्हणून.

"तूच का रे तो?" तिनं विचारलं.

"हो आई."

"आन हे?"

"हा नंतर झाला. आता चार महिन्यांचा आहे."

आईनं बाळ घेतलं आणि तिथंच खाली बसली. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. तिला पुढं बोलावलं तरी ती आली नाही. शेवटी दादाच स्टेजवरून उतरून मागे गेला. तो वाकला तसं बाळानं त्याच्या कोटावरची पट्टी मुठीत धरली. सोडेचना. चारही मेडल एकमेकांवर वाजत होती. कासदेकर ओशाळून मूठ सोडवायला लागला.

"राहू दे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीला यायला निघालो. आईनं दादाच्या कोटावरची पट्टी काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"चारचीच कर," ती म्हणाली.