सुईचं टोक

माझी मावशी मंगळावर उतरणाऱ्या यानाचं पॅराशूट शिवायची. ऐकायला भारी वाटतं, पण काम म्हणजे आठ तास मान मोडून मशीनवर बसायचं. तिथली हवा अगदीच विरळ, आपल्या हवेच्या जेमतेम शंभरावा भाग. म्हणून पॅराशूट अवाढव्य लागतं, आणि यान आवाजापेक्षा वेगात खाली येत असताना ते उघडतं. एवढासा दोषही त्याला चालत नाही.

शिवणखोलीचा नियम कडक होता. सुई मोडली की मशीन बंद. सगळे तुकडे शोधून कार्डावर जुळवून चिकटवायचे, पूर्ण सुई दिसली की मगच पुढचा टाका. शेवटच्या दिवशी मावशीची सुई मोडली आणि टोक काही केल्या सापडेना. घडीवाला पॅराशूट न्यायला दारात उभा. कापड दाबून त्याची लाकडासारखी कडक घडी घालायचं काम त्याचं. मावशीच्या पर्समध्ये त्याच मापाची जुनी सुई होती. तिचं टोक मोडून मावशीने कार्डावर चिकटवलं.

यान निघाल्यावर सहा महिन्यांनी, भांडी विसळताना, तिने हे मला सांगितलं. मला तिचा संताप आला.

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांग."

"सांगून काय? तिकडे जाऊन उसवणार आहेत?"

मला ते पटलं. त्याची लाज अजून वाटते.

उतरायच्या दिवशी सगळ्यांना घरच्यांसह हॉलमध्ये बसवलं होतं. तिथला संदेश पोचायला अकरा मिनिटं लागतात. म्हणजे आम्ही श्वास रोखून बसलो, तेव्हा तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पॅराशूट उघडल्याचा संदेश आला, टाळ्या पडल्या, आणि मग काहीच आलं नाही. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं.

चौकशीत सगळी कार्डं तपासली. मावशीचं सगळ्यात नीटनेटकं निघालं. शिवणखोली सुटली, ठपका घडीवाल्यावर आला आणि त्याची बावीस वर्षांची नोकरी गेली. मावशी "उद्या सांगते, उद्या सांगते" म्हणत निवृत्त झाली.

घडीवाला परवा बाजारात भेटला. फार वाळलाय.

"ताई, मावशींना विचाराल का? ती घडी मी रोज मनात घालून बघतो. कुठे चुकलो तेच कळत नाही."

"विचारते," मी म्हणाले.