तारेशिवायची लाइन

आमच्या आर्वीत विजेला कोणी वीज म्हणत नाही, लाइन म्हणतात. लाइन आली, लाइन गेली, लाइन कमी आहे. माझ्या नवऱ्याचं जळालेले मोटारपंप दुरुस्त करायचं दुकान, म्हणजे आमचं पोटच या लाइनच्या लहरीवर. त्यामुळे आमच्या एकुलत्या एका मुलीनं परदेशातून फोन करून सांगितलं, की ती तारेशिवाय लाइन पाठवायच्या कामाला लागली आहे, तेव्हा तिच्या बापानं पहिला प्रश्न विचारला तो पंपाचाच.

"मोटर चालन काय तिच्यावर?"

"सध्या एखादा दिवा लागला तरी लय झालं, बाबा."

"मंग इतकी शिकून तू करून काय राह्यली?"

मग तिनं समजावलं. जमिनीवरून लेझरचा झोत वर सोडायचा. खूप उंचावर एक विमान तो झेलतं, आरशांनी वळवून दुसऱ्या विमानाकडे देतं, दुसरं तिसऱ्याकडे, आणि तिसरं तो खाली सोडतं, जिथं वीज हवी तिथं. तिथल्या सोलरच्या पट्ट्यांवर पडला की त्या उजेडाची वीज होते. "कवडसाच तं हाय तो, आई," ती म्हणाली. लहानपणी माझा आरसा पळवून ती गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर कवडसे पाडायची आणि माझे धपाटे खायची. त्याच उद्योगाचा आता पगार मिळतो हे ऐकून मी कपाळावर हात मारला.

दुकानात मात्र मी ही गोष्ट येईल त्याला ऐकवली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि तोंड पाडून म्हणाला, "तारच नाई, तं आकडा कुठं टाकाचा, वहिनी?" चोरून लाइन घ्यायची सोयच जात होती ना! दुकानभर हसू झालं. मीही हसले.

चाचणी झाली की ती घरी येणार होती. पण चाचणीला आभाळ मोकळं लागतं. ढग आले, धुकं आलं की झोत वाटेतच विरतो. पोळ्याला येते म्हणाली, तेव्हा तिकडे ढग. दिवाळीला येते म्हणाली, तेव्हा धुकं. मी रोज मोबाइलवर तिच्या गावचं हवामान बघायला लागले. पोळ्याच्या सुमारास इकडे पावसानं दडी मारली तेव्हा दुकानात बसलेली माणसं आभाळाकडे डोळे लावून होती, आणि मी देवाला सांगत होते, तिकडचे ढग इकडे आण बाबा, म्हणजे त्यांचंही भागेल आणि माझंही.

तिची आठवण यायची, फार यायची. भाकरी थापताना यायची. नागपूरची एसटी लागली की उतरणाऱ्या पोरींकडे मी उगाच बघत राहायची. तिच्या आवडीचं आंब्याचं लोणचं घातलं आणि कोणाला बरणी उघडू दिली नाही, म्हणून नवऱ्याशी भांडणही झालं.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी तिचा फोन आला. तिन्ही विमानांनी झोत झेलला होता. "दिवा लागला, आई!" ती ओरडली. मला खरंच आनंद झाला. मग ती बोलतच सुटली. प्रत्येक वळणावर थोडा उजेड सांडतो, तो कमी करायचा आहे, पुढची चाचणी आणखी लांबची आहे. मी हूं हूं करत होते. एवढ्यात ती येत नाही, हे मला कळलं होतं.

आमच्याकडे फोन ठेवताना 'येजो' म्हणतात. म्हणजे ये, पण सवडीनं, तुझं आटोपलं की. तिचा प्रत्येक फोन मी येजो म्हणूनच ठेवत आले. नुसतं 'ये' म्हणून बोलावतात ते घरात कोणाचं काही कमीजास्त झालं तर. त्या दिवशी येजो माझ्या तोंडातून निघेचना.

"ये," मी म्हणाले.

ती बोलता बोलता थांबली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काय झालं, आई? बाबा बरे हायेत ना? बाबाले दे बरं फोन."

"तुहा बाप चांगला मोटर खोलून बसला हाय," मी म्हणाले. "कोणाले काईच नाई झालं. मले तुले पाह्यचं हाय. त्याले आनखी काय कारण लागते वं?"