खलनायकांच्या बाजूने मितोबे-सान

मितोबे-सान आमच्याकडे आल्या तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळला नव्हता. त्याआधी बावीस वर्षं त्या ओसाकातल्या एका मोठ्या दुकानात तक्रारींच्या खिडकीवर बसायच्या. उसवलेला किमोनो, आंबलेली मिठाई, न फिरणारा पंखा. जो येईल तो आधी यांच्यावर ओरडणार. तिथून त्या एकच गोष्ट शिकून आल्या होत्या. "ओगिनो-चान," मला म्हणायच्या, "पंख्यासाठी कोणी इतकं ओरडत नाही गं. घरी काहीतरी झालेलं असतं."

आमची कंपनी लहान, कापडाच्या घाऊक दुकानावरचे दोन मजले. साल १९९२. आम्ही मारामारीचा एक गेम करत होतो: एक निवृत्त कुस्तीगीर बंदरावरून चालत जातो आणि वाटेत येईल त्याला बडवतो. त्यातले खलनायक मी काढायचे. मितोबे-सानना वर्षाच्या करारावर घेतलं होतं ते माहितीपुस्तिकेचं शुद्धलेखन तपासायला. पुस्तिकेत प्रत्येक खलनायकाचं वय, रक्तगट, आवडनिवड छापायची रीतच होती, आणि तो मजकूर ज्याला वेळ असेल तो खरडून टाकायचा.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या प्रोग्रामरला, हिरोसेला, गाठलं.

"हा सुरे फेकणारा माणूस. हा असा का वागतो?"

"कारण तो दुसऱ्या लेव्हलचा आहे."

"तो झाला त्याचा पत्ता. मी कारण विचारतेय."

हिरोसेनं माझ्याकडे बघितलं. त्या माणसाला मीच काढलं होतं आणि मलाही उत्तर येत नव्हतं. मला राग आला, आणि तो मी त्यांच्यावरच काढला. "मितोबे-सान, शेवटी मारच खायचाय त्याला."

"मग मार खाणाऱ्याला तरी कळू दे ना, आपण भांडत कशासाठी होतो ते."

दुसऱ्या दिवशी कागद तयार. सुरेवाला एकोणीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता. रक्तगट ओ. आवडतं: भाजलेला बांगडा. नावडतं: चव न बघताच सोया सॉस ओतणारी माणसं. तिसऱ्या लेव्हलला बुलडोझर चालवणाऱ्या जुळ्या बहिणी होत्या. त्यांना जन्मभर वाढदिवसाला दोघींत मिळून एकच केक मिळाला होता, आणि आता अख्खं बंदर पाडून त्यांना दुसरा केक हवा होता. आम्ही पोट धरून हसलो. पण हिरोसेनं कोणाला न सांगता गेममध्ये एक बदल केला. पहिला सुरा फेकण्याआधी स्वयंपाकी क्षणभर थांबायला लागला, समोरचा चव घेतोय का हे बघत असल्यासारखा.

अडलं ते शेवटच्या खलनायकापाशी, बंदराच्या मालकापाशी. त्याचं नाव कुरोइवा. छापखान्याला मजकूर द्यायला तीन दिवस उरले होते. मितोबे-साननी अनाथपण, सूड वगैरे घालून एक कागद लिहिला आणि स्वतःच नाक मुरडलं. "यात जीव नाही," म्हणाल्या.

त्याच दुपारी आमच्या विभागाचे काचो, म्हणजे प्रमुख, काकुता मला रंगांवरून सगळ्यांदेखत झाडून गेले होते. मी अजून धुमसत होते. "त्यांच्यावर लिहा ना," मी मितोबे-सानना डिवचलं. "फक्त आपल्या दोघींपुरतं."

त्यांनी लिहिलं. कुरोइवा सात पेन्सिली तासून एका रांगेत ठेवतो. डाव्या हातानं टकलावर केस ओढतो. रक्तगट ए. आवडतं: मुळ्याचं लोणचं, खिडकीकडे तोंड करून. नावडतं: आपण आत आल्यावर थांबणारं हसू. हेतू: त्याला कधी कोणी जेवायला बोलावलं नाही, बंदर आपलं झालं की सगळ्यांना आपल्याच टेबलाशी बसावं लागेल.

मी हसायच्या तयारीनं वाचायला घेतलं आणि हसू काही आलं नाही. कागद टेबलावर ठेवला, आणि निघायच्या घाईत छापखान्याच्या फाईलला नेमका तोच लावला.

आमच्याकडे फाईल टेबलाटेबलावरून फिरते आणि प्रत्येकजण आपला शिक्का मारतो. शिक्का जरा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो साहेबांच्या चौकटीकडे वाकल्यासारखा दिसतो. मजकूर वाचायलाच हवा असं काही नाही. त्या संध्याकाळीच पाच शिक्के पडले, त्यात पहिला माझा. मग फाईल काचोंकडे गेली, आणि काचो मात्र शब्दन् शब्द वाचायचे.

सकाळी माझ्या खणात खरा, अनाथपण आणि सूडवाला कागद सापडला आणि माझी पाचावर धारण बसली. मितोबे-सानचा करार मार्चअखेर संपणार होता. नव्या करारावर शिक्का लागणार होता तो काचोंचाच, आणि या वयाच्या बाईला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "नोकरीचं नंतर बघू गं," त्या म्हणाल्या. "त्यांनी वाचलं असेल ना ते?"

दहा वाजता काचोंनी आम्हा सहाजणांना बोलावलं. फाईल उघडी होती.

"हे पाच शिक्के तुमचेच ना?"

"हो, काचो."

"वाचलं कोणी?"

आम्ही आपापला शिक्का शोधत असल्यासारखे फाईलवर वाकलो.

"वाचलं नाही. पण वाकलात मात्र सगळे." त्यांनी कागद फिरवला. "मितोबे-सान, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. मीच."

"चूक माझी आहे," मी मध्ये पडले. "तो कागद फाईलला मी..."

"तुम्हाला विचारलं नाही, ओगिनो-सान." त्यांनी रांगेतली एक पेन्सिल उचलली. "यात एक गोष्ट खोटी आहे. याला कोणी जेवायला बोलावलं नाही असं लिहिलंय. पहिल्या वर्षी तीनदा बोलावलं होतं. तिन्ही वेळा हा म्हणाला, काम आहे." पेन्सिल परत रांगेत ठेवत म्हणाले, "काम नव्हतं."

मितोबे-सान टेबलाच्या जवळ सरकल्या. तक्रारींच्या खिडकीवर त्या कशा बोलत असतील ते मला तेव्हा ऐकायला मिळालं. "मग नाही का म्हणाला?"

"तिथे बसून काय बोलायचं, ते सुचलं नसतं."

"तसं लिहू?"

"खरं असेल ते लिहा."

त्यांनी तिथेच उभ्याउभ्या ओळ खोडून नवी लिहिली. काचोंनी ती वाचली, मग पुन्हा वाचली. आता शिक्का उचलतील असं वाटलं, पण त्यांनी हिरोसेकडे मान वळवली. "शेवटी याचं काय होतं?"

हिरोसेनं घसा साफ केला. "धक्क्यावरून समुद्रात पडतो, काचो."

"आणि?"

"आणि... गेम संपतो."

काचो कागदाकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच मला त्यांची भीती वाटली नाही. आपण एका माणसाला त्याच्याच टेबलावर पाण्यात ढकललंय असं वाटलं.

"पोहता येतं त्याला," मितोबे-सान म्हणाल्या.

"कुठे लिहिलंय?"

"लिहिते आता."

रक्तगटाच्या खाली त्यांनी लिहिलं, 'उत्तम पोहतो.' काचोंनी शाईच्या डबीचं झाकण उघडलं आणि शिक्का मारला. माझा जीव भांड्यात पडला. शेजारी हिरोसेनं इतका मोठा श्वास सोडला की कागद हलला.

आम्ही दारापर्यंत पोहोचलो तेव्हा मागून आवाज आला, "मितोबे-सान, तुमचा मार्चचा कागदही आणा. शाई उघडीच आहे."

बाहेर आल्यावर त्या जिन्यापाशी एका खोक्यावर मटकन बसल्या, डोळे पुसत हसायला लागल्या, आणि मीही त्यांच्या शेजारी बसून हसले. दार उघडून काचो पाणी प्यायला बाहेर आले, तेव्हा आम्ही हसू थांबवलं नाही, हसतच राहिलो.