सुभेदारांच्या विमानाचा स्क्रीन

सांगलीच्या विश्रामबागेत माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. साताऱ्याहून येऊन मी ते थाटलं आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या डोक्यात अशी हवा गेली होती, की अख्ख्या सांगलीत माझ्याइतका जाणता कारागीर नाही. त्या हवेपायी मी एका भल्या माणसाचं वाटोळं केलं.

ते पलूसचे निवृत्त सुभेदार. उभी नोकरी सैन्याच्या वर्कशॉपात झालेली. घरी आल्यावर उसाच्या रानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एका माणसाचं विमान बांधायला घेतलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, पुढे इंजिन. गाव हसायचं. परवान्याचं कुणी विचारलं की सुभेदारांना ऐकू येत नसे. त्यांना काचबिंदू होता आणि नजर वर्षागणिक उतरत होती. काट्यांची बारीक घड्याळं दिसेनात, म्हणून परदेशातल्या पुतण्यानं वेग, उंची, इंजिनाची उष्णता मोठ्या आकड्यांत दाखवणारा एक स्क्रीन पाठवला. ते आकडे त्यांना वाचता येत. नजर आहे तोवर एकदा, रानातल्या पट्टीवरून पुरुषभर उंच का होईना, उडायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

खंडेनवमीला सकाळी ते एसटीनं दुकानात आले. इंजिन चालू केलं की स्क्रीन बंद पडतो, म्हणाले. माझी पंचाईत झाली. आमच्या घरात नवमीला हत्यारं पूजेला मांडली की दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. व्होल्ट मोजायचा माझा मीटर हळदकुंकू लावून देवापुढे बसला होता. दोन दिवसांनी येतो, असं सरळ सांगायला काय झालं होतं मला? पण म्हटलं, मीटर हवाय कशाला. खणात टेस्ट बल्ब पडला होता, ट्रॅक्टरवाले वापरतात तसला, बल्बाला दोन वायरी जोडलेला. त्या भंगाराला हत्यार समजून कुणी पूजेला मांडलं नव्हतं. तो खिशात घातला आणि निघालो.

शेडमध्ये सुभेदारांनी मला विमानाजवळ बसवलं आणि ते ताक आणायला घराकडे गेले. मी बल्बचं एक टोक बॅटरीला जोडलं आणि दुसरं स्क्रीनच्या मागच्या प्लगमध्ये एकेका पिनेला लावत गेलो. ट्रॅक्टरच्या वायरी अशाच तपासतात. पण त्यातली एक पिन पाच व्होल्टची होती आणि मी तिच्यात बारा व्होल्ट सोडले. स्क्रीन एकदा पांढरा झाला आणि विझला. जळका वास आला. मी फुंकर मारून तो घालवू लागलो. त्या फुंकरीची मला आजही किळस येते.

सुभेदार ताकाचा तांब्या घेऊन आले तेव्हा मी म्हणालो, वायरिंगमध्ये दोष दिसतोय.

दसरा झाल्यावर मीटर घेऊन गेलो. मूळ दोष पाच मिनिटांत सापडला. अर्थिंगचा बोल्ट सांगाड्याच्या रंगावरच आवळला होता. इंजिनाच्या हादऱ्यानं त्याचा संबंध तुटायचा. रंग खरवडला, वीज नीट आली. पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचं काम होतं, बाकी काही नाही. स्क्रीन मात्र मेलेला. पुतण्यानं चौकशी केली, तर तो बनवणारी छोटी कंपनी बंद पडली होती.

आपल्या वायरिंगमुळेच स्क्रीन जळला, असं सुभेदारांनी धरलं. वायरी नीट बसल्या की तो परत लागेल, या आशेनं त्यांनी सगळ्या वायरी उपसून पुन्हा घातल्या. मग पुन्हा. चष्मा वायरीला टेकेल इतके वाकून. मी दर रविवारी मदतीला जायचो, वायरी धरून द्यायचो, आज सांगू म्हणायचो आणि न सांगता परत यायचो. मेलेल्या यंत्राला वायरी घालणाऱ्या माणसाला मी वायरी पुरवत होतो. एवढा हलकटपणा माझ्या अंगात असेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर ते विमानात बसून वायरी बोटांनी चाचपत होते. मी समोर उभा आहे हे त्यांना आवाजावरूनच कळलं.

"गड्या, खरं सांग," ते म्हणाले. "तू समदं बघितलंयस. माझ्याच हातनं चुकलं न्हवं?"

तोंड उघडायला याहून सोपी वेळ कुणाला मिळाली नसेल.

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंस. लय दिस डोस्क्यात घोळत हुतं."

ते खाली उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. पुन्हा कधी चढले नाहीत.

पुढे जो भेटेल त्याला ते सांगायचे, "चूक माझी, त्या पोरानं मात्र एक रविवार चुकवला न्हाई." ते गेल्यावरही त्यांच्या घरचे मला दिवाळीला बोलावतात, सुनबाई पानात पहिली करंजी मला वाढतात. मी जातो आणि ती खातो.