दुसऱ्याने घातलेली शिवण

दुसऱ्याच्या टाक्यावर त्याने जन्मात विश्वास ठेवला नव्हता. त्याच्या सोफे-गाद्यांच्या दुकानात कुणी जुना सोफा आणला की तो आधी उलटा करायचा, खालचं कापड उसवायचा आणि आतल्या शिवणीकडे बघत नुसतं "हं" म्हणायचा. त्या हुंकारात आधीच्या कारागिराच्या सगळ्या खानदानाचा उद्धार व्हायचा. आता त्याच्याच पोटात एका अनोळखी माणसाने शिवण घातली होती. जठराचा मोठा भाग कापून टाकला होता, उरलेलं नळीसारखं शिवलं होतं. आणि इथे उसवून बघायची सोय नव्हती.

बाजारात त्याच्या आकारावरून त्याला सगळे 'डबलबेड' म्हणायचे. तोही हसायचा. हसता हसता गुडघे गेले. मग झोपेत श्वास अडकायला लागला, तेव्हा त्याने हसणं सोडलं आणि वजन उतरवायच्या ऑपरेशनला होकार दिला. बायकोचा मात्र शेवटपर्यंत विरोध होता. "चांगल्या अंगावर कात्री कशाला?" असं ती म्हणाली होती. हे तो विसरला नव्हता.

आधी नुसतं पातळ, मग गाळलेलं, आणि आता मऊ खाण्याची पाळी आली. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी काय खायचं ते सांगितलं, तेव्हा तो शेजारच्या खोलीत वजन करून घेत होता. ऐकलं ते एकट्या बायकोने, आणि घरी येऊन त्याला सांगितलं.

"अंडं चालेल, दही चालेल, भोपळा उकडून कुस्करून. ब्रेड अजिबात नाही."

"ब्रेड का नाही?"

"त्या नको म्हणाल्या."

"मला नाही म्हणाल्या."

"तुम्ही काट्यावर उभे होता ना!"

पण मऊ म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. उभी हयात त्यात गेली होती. फोमवर अंगठा दाबायचा, खळगा पडून सावकाश वर आला, तर माल अस्सल. ताटातला प्रत्येक पदार्थ तो तसाच दाबून बघू लागला. अंडं बोटाखाली चुरायचं. भोपळ्यात दोरे लागायचे.

"ह्याला मऊ म्हणतात?"

"अहो, ते खायचंय. त्यावर झोपायचं नाहीये."

मग तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायला सुरुवात केली. आतून चमच्याचा आवाज यायचा, गोल गोल, किती तरी वेळ. भोपळा कुस्करायला एवढं ढवळावं लागतं? एकदा तो अचानक आत शिरला, तर तिचा हात फडताळातून झटकन बाहेर आला.

"आज हा पांढरट का दिसतोय?"

"भोपळ्यालाच विचारा."

तो अर्धी वाटी टाकू लागला. कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले, सुईत दोरा ओवताना बोटं थरथरू लागली. त्याला वाटलं, हा पुरावाच आहे. ही काहीतरी घालतेय. ऑपरेशन फसलं की हिचं म्हणणं खरं ठरणार. रात्री कूस बदलताना तो पोटावर हात ठेवून आतल्या शिवणीचा कानोसा घ्यायचा.

शेवटी त्याने स्वतःचं स्वतः निवडायचं ठरवलं. दुकानासमोरच्या बेकरीत त्याने पांढऱ्या ब्रेडवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि सावकाश भरून आला. याहून मऊ काय असणार? मग आपल्या दुकानाच्या मागच्या बाजूला फोमच्या गठ्ठ्यावर बसून त्याने तुकडे तोडून खाल्ले, वर घटाघटा पाणी प्यायलं.

आणि छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळली.

बायको डबा घेऊन आली, तेव्हा तो भिंतीला टेकून फेसासारखी लाळ थुंकत होता. शेजारी ब्रेडची पिशवी पडली होती. तिने दवाखान्यात फोन लावला, ब्रेडचं सांगितलं आणि फोन दोघांना ऐकू येईल असा ठेवला.

"आता पाणी देऊ नका," नर्स म्हणाली. "हळूहळू चालवा. दुखणं थांबलं नाही किंवा ताप आला, तर लगेच आणा. ब्रेड ओला झाला की त्याचा गोळा होतो. सांगितलं होतं ना ताई तुम्हाला?"

"सांगितलं होतं," बायको म्हणाली. त्याच्याकडे बघत.

"आणि प्रोटीनची पावडर चालू आहे ना?"

"चालू आहे," बायको फोनकडेच बघत म्हणाली.

बऱ्याच वेळाने तो गोळा वर आला, मूठ सुटली. घाम पुसत त्याने विचारलं, "शिवण टिकली असेल?"

"टिकली असेल. नाहीतर असं बोलला नसतात."

"पावडर घालत होतीस?"

"पहिल्याच दिवशी दाखवली होती. तुम्ही म्हणालात, खडूची भुकटी आहे, दवाखान्याचा धंदा आहे."

"म्हणून चोरून घालायची?"

"सांगून खाल्ली असती?"

संशय खोटा ठरला असता तर बरं झालं असतं, माफी मागून मोकळं होता आलं असतं. पण ती खरोखरच रोज फसवत होती. आणि ताटात टाकलेली अर्धी वाटी सोडली, तर तो त्या फसवणुकीवरच उभा होता.

"उद्यापासून माझ्यासमोर मिसळ," तो म्हणाला.

"मग खाल?"

"आधी तू एक चमचा खायचा."

दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसला. तिने फडताळातून डबा काढला, पावडर दह्यात घातली, ढवळली. त्याची नजर चमच्यावरून हलली नाही. तिने चमचा तोंडात घातला आणि तिचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं वेडंवाकडं झालं.

"अगं बाई! हे मी तुम्हाला रोज चारत होते?"

त्याने नुसता वाटीसाठी हात पुढे केला.