सारंगखेड्याचा भाता

"भाता थांबला की पिल्लू मेलं! ओढ, भिका, ओढत राहा!" गुरांचे डॉक्टर इतक्या जोरात ओरडले, की सारंगखेड्याच्या यात्रेतले निम्मे घोडे खुंटे उपटून तापीपार गेले.

आधीच सांगतो — भूत, भानामती, उतारा... यातलं मी काहीएक मानत नाही. भर अमावास्येला पिंपळाखाली ताणून दिलीय. मुंग्यांशिवाय कुणी चावलं नाही. पण हे घडलं ते टळटळीत दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत. साल साठच्या आसपासचं.

बैलगाडीच्या फळ्यांवर रतनकाकींची चिमणी गुंगीचं ईथर हुंगून निजली होती. रतनकाकी म्हणजे आमच्या शेजारच्या केळीवाल्या गुजर पाटलीणबाई. त्यांची कुत्री बिबट्याशी झुंजून मेली, तिचं मागे उरलेलं एकुलतं पिल्लू म्हणजे ही चिमणी. चार पावलं धावलं की मटकन बसायचं. छातीवर हात ठेवावा तर आत पिठाची गिरणी चालू!

डॉक्टर म्हणाले होते, "हृदयाजवळची एक नळी जन्मानंतर मिटायला हवी, हिची उघडीच राहिलीय. बांधली नाही तर ही उन्हाळा बघणार नाही."

"मन्ही चिमणीले वाचाडा, डाक्टर," काकी एवढंच बोलल्या.

छाती उघडली की पिल्लाला आपलं आपण श्वास घेता येत नाही, हवा बाहेरून भरावी लागते. त्याचं मशीन मुंबईला! मग डॉक्टरांनी घोड्यांना नाल ठोकणाऱ्या भिका लोहाराचा लहान भाता धुऊन घेतला, त्याच्या तोंडाला रबरी नळी जोडून ती पिल्लाच्या घशात सोडली आणि भिकाला ओढायला बसवलं. मी न्हाव्याचा आरसा धरून उन्हाचा कवडसा छातीत पाडत होतो.

काय ते डॉक्टरांचे हात! उंबराएवढं हृदय उड्या मारतंय, आणि हा माणूस त्या उघड्या नळीमागून रेशमाचा धागा काढतोय... झोपलेल्या वाघिणीला नथ घालावी इतक्या हलकेच.

तेवढ्यात भिकानं वाकून आत पाहिलं. धडधडतं काळीज दिसलं — आणि गडी धप्पकन आडवा!

काकींचे डोळे मिटलेले, ओठांवर देवाचं नाव. माझे दोन्ही हात आरशाला. डॉक्टरांची बोटं छातीत. आणि भाता...

भाता चालूच! वर, खाली, वर, खाली. ओढणारं कुणी नाही! पिल्लाची फुफ्फुसं फुगतायत, बसतायत. माझ्या अंगावर असा काटा आला, की सदऱ्याला भोकं पडली. डॉक्टरांनी गाठ आवळली, आतली गिरणी गप्प झाली. छाती शिवून झाल्यावर चिमणीनं स्वतःचा पहिला श्वास ओढला, तेव्हा कुठे भाता खाली बसला.

पुढे चिमणी अशी उंडारली, की तिनं केळीच्या बागेतून पळवलेली रानडुकरं अजून गुजरातेत मुक्कामाला आहेत.

"डॉक्टरसाहेब, भाता कोण ओढत होतं हो?" मी त्याच संध्याकाळी विचारलं.

"गाठ मारताना मी इकडेतिकडे बघत नाही," ते साबणानं हात धूत म्हणाले. असा माणूस पुन्हा पाहिला नाही!

वारा म्हणावा, तर त्या दिवशी पान हलत नव्हतं. आजतागायत मला उलगडा झालेला नाही. डॉक्टरांकडून मी तसाच भिकाच्या पालावर गेलो होतो. रतनकाकी आधीच तिथं उभ्या होत्या.

"घोडास्ना पायमा खिळा ठोकस, अन् इतलुसं काळीज दखीसन आडा पडी गया!"

भिका मान खाली घालून नाल तापवत होता. मी पाहिलेलं सगळं त्याला सांगितलं — न ओढता चाललेला भाता, फुगणारी फुफ्फुसं, सगळं.

"जुना भाता शे, भाऊ," तो म्हणाला. "त्याले सवय पडेल शे."